एक टोपलं मुरूम

जावयाला मुलगी दाखवण्याआधी धरण दाखवणारा सासरा उभ्या जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. यात मी तिळभरही वाढवून सांगत नाही. मंचेरियलहून आम्ही सात माणसं मुलगी पाहायला निघालो, आदिलाबादला गाडी बदलली, जैनथच्या पुढच्या फाट्यावर उतरलो, तर तिथे धोतर, डोक्याला टॉवेल आणि अनवाणी पाय अशी एक उंच, काटक मूर्ती आमची वाट पाहत उभी होती. रामराम झाला. घर डावीकडे होतं. घरातून भज्यांचा वासही येत होता. मूर्ती उजवीकडे वळली. "पहिले धरण पाहून घेऊ," ते म्हणाले. "पोरगी काय, घरीच हाय."

धरण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लोखंडी दारं, पूल, फोटो काढणारी माणसं असं काहीबाही आलं होतं. प्रत्यक्षात तो मातीचा एक बांध निघाला. दोन टेकाडांमधली फट बुजवायला घातलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना एक विडी जेमतेम संपावी एवढा लांब. बांधाच्या आत पाणी, बाहेर खालच्या अंगाला कापसाची शेतं, आणि शेतांच्या पलीकडे वीस-बावीस घरांची वस्ती. सारं गाव त्याला कुंटा, म्हणजे लहानसं तळं, म्हणायचं, तहसिलीच्या कागदातही तो कुंटाच होता. सासऱ्यांच्या लेखी मात्र ते धरण. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत स्वतःच्या पट्ट्याच्या जमिनीत ते बांधलं होतं, त्यामुळे त्याचे मालक, चौकीदार आणि वैद्य हे तिन्ही हुद्दे सासऱ्यांकडे वारशानं आले होते.

"बूट काढा, जवाईबापू." मुलगी अजून पाहायची होती, पण त्यांनी मला पहिल्याच भेटीत जवाईबापू करून टाकलं. माझी आई दचकली. मी बूट काढले. बांधाच्या सुरुवातीला मुरमाचा ढीग होता आणि ढिगावर एक टोपलं. "आमच्याकडं जो पाहुणा पहिल्यांदा येते, तो जेवणाआधी धरणावर एक टोपलं मुरूम टाकते," त्यांनी सांगितलं. "आमच्या बापाच्या काळापासून हाय. धरण टोपल्या-टोपल्यानंच झालं. तुमी सातव्या दगडापाशी न्या, तिथं बांध जरा बसला हाय." बांधावर थोड्याथोड्या अंतरावर चुन्यानं रंगवलेले दगड होते, आणि सातवा दगड पार पलीकडच्या टोकाला दिसत होता. माझी पॅन्ट नवी होती. मंचेरियलच्या उत्तम शिंप्यानं मुद्दाम या कार्यक्रमासाठी शिवलेली. सासरे माझ्या वडिलांना मुरूम आणि काळी माती यांतला फरक समजावून सांगण्यात रंगले होते. मी टोपलं उचलून दहा पावलं गेलो, तर बांधाच्या अलीकडच्या टोकालाच एक खोलगट जागा दिसली. सगळ्यात जास्त झीज तर इथेच झाली आहे, असं मी स्वतःच्या मनाची समजूत घातली, टोपलं तिथे उलटं केलं आणि जरा वेळ पाण्याकडे पाहत थांबून परत आलो. तो खोलगट भाग म्हणजे सांडवा. तळं भरलं की जादा पाणी बांधाला न दुखवता ज्या वाटेनं बाहेर पडतं ती वाट. पण कोळशाच्या गावात, कामगारांच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या मला हे कुठून माहीत असणार!

त्यानंतर आम्ही बांधाच्या पायथ्याशी उतरलो. तिसऱ्या दगडाच्या खाली जमीन ओलसर होती आणि एका बारीक धारेनं पाणी झिरपत होतं. सासऱ्यांनी कमरेच्या पिशवीतून काचेचा गिलास काढला, तो त्या धारेखाली भरला, उन्हात धरून निरखला आणि मोठ्या समाधानानं माझ्या हातात दिला. मी तो पिऊन टाकला.  गिलास प्यायचा नव्हता, पाहायचा होता. झिरपणारं पाणी काचेसारखं स्वच्छ असलं की बांध तब्येतीनं ठीक. गढूळ असलं की आतली माती वाहून चालली आहे, असं त्यांचं निदानशास्त्र होतं. "काऊन पेले?" त्यांनी विचारलं. मी रिकामा गिलास त्यांना परत दिला. मग त्यांनीच कुतूहलानं विचारलं, "कसं लागलं?" मी म्हणालो, गोड. ते घराकडे निघाले ते थेट भज्यांची ताटं मांडायला सांगायलाच. सुनंदाला मी अजून पाहिलंही नव्हतं, पण माझं लग्न ठरलं होतं.

लग्नानंतर मला कळलं की या माणसाच्या आयुष्यात दिवस सूर्यानं नाही, मुआयन्यानं, म्हणजे धरणाच्या पाहणीनं, उगवतो. सकाळी एक आणि दिवस कलताना एक असे दोन मुआयने, उन्हाळा असो की हिवाळा, तळ्यात पाणी असो की नुसती चिखलाची खपली. मुआयना अनवाणीच करायचा, कारण डोळ्याला फसवता येतं, तळपायाला येत नाही, असं त्यांचं ठाम मत. कुठे माती भुसभुशीत झाली, कुठे घुशीनं आतून बीळ नेलं, कुठे ओल नेहमीच्या जागेवरून चार बोटं सरकली, हे त्यांच्या टाचेला कळायचं. बाकी कशाचा पत्ता नसायचा. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "धरणाले ओल आली तं यायले झोपेत कळते. मले ताप आला तं तीन दिवसांनी इचारते, काऊन बापा, आज भाकरी जळली?"

बांधावर झाड उगवलेलं त्यांना खपत नसे. मुळं आत शिरतात, मग कुजतात, आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. एकदा सासूबाईंनी दुपारच्या सावलीसाठी म्हणून बांधावर कडुलिंबाचं रोप लावलं. तिसऱ्या दिवशी ते नाहीसं झालं. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांना ते रोप अंगणात, ओसरीसमोर लावलेलं, चारी बाजूंनी काट्यांचं कुंपण घातलेलं दिसलं. "सावलीले काय, कुठंबी पडते," सासरे म्हणाले, आणि पुढची दोन वर्षं त्या रोपाला त्यांनी स्वतः पाणी घातलं.

वारुळाचा प्रश्न याहून नाजूक होता. चौथ्या दगडाजवळ वाळवीनं वारूळ उभारलं आणि बघता बघता नागपंचमीला बायका तिथे पूजेला येऊ लागल्या. आतून बांध पोखरला जात होता, पण नागोबाच्या घराला कुदळ लावणार कोण? सासऱ्यांनी सहा महिने विचार केला. मग टेकाडावर निवडक माती नेऊन, पाणी शिंपून, हातानं लिंपून त्यांनी एक नवं, मूळच्यापेक्षा ऐसपैस वारूळ उभं केलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि गावभर सांगितलं, "नागोबाची बदली झाली. बढतीवर गेले." बायकांनी ते मानलं, हे विशेष. मी मास्तर आहे त्या शाळेत कुणाची बदली इतक्या सुखानं झालेली मी पाहिली नाही. म्हशींनाही ते असंच सामोपचारानं घ्यायचे. बांधावर चढणारी म्हैस दिसली की काठी बाजूला ठेवून तिच्या कानाशी जायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "माय, आपलं वजन पाह्य अन् याची उमर पाह्य." म्हैस उतरायची. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आहे.

पावसाळ्यात ते गावाबाहेर एक रात्रही राहिले नाहीत. अपवाद एकदाच, आमच्या मुलीचं पहिलं अक्षर सरस्वतीपुढे गिरवायला बासरला गेलो तेव्हा. गोदावरीच्या घाटावर सगळे हात जोडून उभे आणि हे नदीत गिलास भरून उन्हात धरून पाहताहेत. "गढूळ हाय," ते चिंतेनं म्हणाले. "वरती कुठं तरी कोणाचं धरण झिरपून राह्यलं." देवळात त्यांनी सरस्वतीपुढे नातीसाठी काय मागितलं ते मला माहीत नाही, पण नदीच्या वरच्या अंगाच्या त्या अनोळखी मालकासाठी काहीतरी नक्की मागितलं असणार.

टोपल्याची चाल मात्र त्यांनी कुणालाही चुकवू दिली नाही. आमच्या लग्नात वरातीतल्या सगळ्यांनी फेटे बांधून एकेक टोपलं मुरूम टाकला. बँडवाल्यांनी सनई खाली ठेवून टाकला. जनगणनेला आलेले गुरुजी, विम्याचा माणूस, पत्ता चुकून आलेला सायकलवरचा बोहारी, कुणी म्हणून सुटला नाही. आणि त्यांना प्रत्येक टोपलं पाठ होतं. बांधावरून चालताना ते वंशावळ सांगावी तसे सांगायचे, की हे चंद्रपूरच्या साडूचं, हे साळ्याच्या सुनेचं, पोटुशी होती म्हणून अर्धंच घेतलं. सातव्या दगडाशी पोचलो की तिथे पायानं माती दाबून म्हणायचे, "अन् हे आमच्या जवाईबापूचं. याच्यावर हे टोक उभं हाय." मी खाली मान घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

कारण एव्हाना मला कळून चुकलं होतं की मी काय केलं होतं, आणि हेही कळलं होतं की तसं करणारा मी एकटा नव्हतो. सातवा दगड लांब, पाहुणा भुकेला, कपडे ठेवणीतले आणि सांडवा रस्त्यालगत, दहा पावलांवर. जो तो पाहुणा मालकाची पाठ वळली की तिथेच टोपलं रिकामं करून मोकळा व्हायचा. वर्षानुवर्षं सांडवा असा मायेनं भरत आला. त्यावर गवत उगवलं, बकऱ्या बसू लागल्या. मोठा पाऊस काही वर्षं झाला नाही, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मी शाळामास्तर, खरं बोलावं असं रोज मुलांना सांगणारा. पण सासऱ्याला हे सांगायला माझी जीभ कधी उचलली नाही.

तीन वर्षांपूर्वी पाटबंधारे खात्याकडून एक तरुण इंजिनीअर बाई आल्या. जुन्या खाजगी कुंट्यांची पाहणी चालू होती. त्यांना मराठी येत नव्हतं, सासऱ्यांना तेलुगू कामापुरतीच यायची, म्हणून दुभाषा मी. बाईंनी बांधावर पाऊल ठेवण्याआधी न सांगता चपला काढल्या आणि सासरे तिथेच विरघळले. टोपलं दिलं तर त्यांनी ते हसत उचललं आणि, मला सांगायला लाज वाटते, थेट सातव्या दगडापर्यंत नेलं. परत येताना खांद्यावरची ओढणी झटकत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की पाणी जास्त झालं तर जातं कुठून? सासऱ्यांनी सांडव्याकडे बोट केलं. बकरी त्यांच्याकडे बघत रवंथ करत होती. "मत्तडी मूसुकुपोयिंदी, तातय्या," बाई म्हणाल्या. सांडवा बुजून गेलाय, आजोबा. मग त्या तेलुगूत माझ्याकडे वळून बरंच बोलल्या. एक मोठा पाऊस झाला की पाणी बांधाच्या डोक्यावरून जाईल, मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध तासाभरात फुटतो, आणि खाली वस्ती आहे. मी भाषांतर केलं, "मॅडम म्हणतात, सांडवा थोडा साफ करा."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "साफ करा म्हंजे? पाहुण्यानं दिलेलं उचलून फेकू? उद्या कोणी म्हनलं, आमचं टोपलं यायले जड झालं, तं काय तोंड दाखवू?" बाई आणखी काही बोलणार होत्या, पण सासूबाईंनी जेवायला बोलावलं. जाताना त्या एक कागद देऊन गेल्या. तेलुगूतला तो कागद सासऱ्यांनी कपाळाला लावला आणि देवाच्या तसबिरीमागे ठेवला. मी तो त्यांना वाचून दाखवायला हवा होता. दाखवला नाही.

पुढच्याच श्रावणात पाऊस लागला तो उघडायचं नाव घेईना. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा आदिलाबादला, आमच्या घरी, फोन आला. "बांधावरून उठून नाही राह्यले. जेवले बी नाही. तुमी या." सुनंदा आणि मी फाट्यापर्यंत ऑटोनं गेलो, पुढे गुडघाभर चिखलातून चालत. वस्तीतली माणसं म्हातारी-कोतारी आणि पोरं घेऊन वरच्या शाळेत गेली होती. घरं, धान्य, कोंबड्या सगळं खालीच होतं. पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटं राहिलं होतं. सांडव्यापाशी इंजिनीअर बाई रेनकोट घालून उभ्या होत्या, वस्तीतले आठ-दहा जण फावडी घेऊन तयार होते, आणि सासरे हातात टिकास धरून त्या गवताळ मुरमाकडे बघत नुसते उभे होते. मालकानं पहिला घाव घातल्याशिवाय त्यांच्या बांधाला हात कोण लावणार, म्हणून सगळे खोळंबले होते.

मला पाहताच त्यांनी पिशवीतून गिलास काढून पुढे केला. "पाहा." तिसऱ्या दगडाखालचं पाणी होतं. बावीस वर्षांपूर्वी मी गोड म्हणून प्यायलो होतो ते. आज ते चहासारखं लाल होतं.  

"कोणाचं पहिले काढू?" ते म्हणाले. एवढ्यावरच सगळं अडलं होतं.

 "माझं काढा, मामाजी," मी म्हणालो. "मी सातव्या दगडापाशी गेलोच नव्हतो. मी माझं टोपलं इथंच टाकलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पावसानं दोघांचे चेहरे भिजलेले होते, हे बरंच झालं. "मले माहीत हाय," ते म्हणाले. "सातव्या दगडावून येणाऱ्याचे खांदे लाल होतात. तुमची तं इस्त्री बी मोडली नव्हती."

"मग एवढी वर्षं..."

"जवायाचं टोपलं हाय. कसं काढू?" असं म्हणून त्यांनी टिकास उचललं आणि मारलं.

त्यानंतर जे झालं ते सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही, पण तिथे हजर असलेली माणसं अजून आहेत. फावडी चालू झाली, बाई सांगतील तसं तळ्याकडचा थोडा भाग राखून खालच्या अंगानं मुरूम काढायचा होता, आणि टिकास मारता मारता सासरे मला म्हणाले, "फोन लावा. चंद्रपूरच्या साडूले पहिले." मी छत्री मानेत धरून फोन लावला आणि त्यांच्या कानाशी नेला. "साडू, तुमचं टोपलं काढून राह्यलो, राग मानू नका. नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही. माहं चुकलं. ठेवतो, खूप जनं बाकी हायेत." मग साळ्याची सून. मग वरातीतले माझे काका, मंचेरियलचे, ज्यांना काहीच आठवेना आणि जे तिकडून ओरडून विचारत होते की कोण वारलं. बँडमास्तर. विम्याचा माणूस. बाईंनी पहिल्यांदा डोक्याला हात लावला, नंतर पाहिलं की बोलण्यापायी टिकास काही थांबत नाही, उलट दर फोननंतर घाव जोरात पडतोय, तेव्हा माझ्या मानेत अडकलेली छत्री त्यांनी स्वतःच धरली आणि म्हणाल्या, "चेयंडी सार, चेयंडी." करा, करा. एका पाहुण्याचा फोन लागला नाही. सासऱ्यांनी त्याच्या वाटणीच्या जागेला हात जोडले आणि मग खणलं.

दुपारी राखलेला भाग फोडला तेव्हा पाणी आधी चोरपावलांनी आलं, मग आवाज करत आलं, आणि सांडव्यातून ओढ्याला लागलं. आम्ही सगळे काठावर बसून बांधाच्या माथ्याकडे बघत होतो. चार बोटांची वीत झाली, वितीचा हात झाला. दिवस कलताना सासरे तिसऱ्या दगडाखाली उतरले, गिलास भरून आणला आणि बाईंच्या हातात दिला. पाणी निवळत आलं होतं. बाईंनी ते उन्हात धरलं असतं, पण ऊन नव्हतं, म्हणून मोबाईलचा दिवा लावून पाहिलं. सासऱ्यांना ती युक्ती फार आवडली.

मी घरी निघालो तर त्यांनी हाक मारली. सगळ्यात आधी जे टोपलं निघालं होतं ते त्यांनी ओढ्यात टाकू दिलं नव्हतं. बाजूला भरून ठेवलं होतं.  मी ते उचललं आणि भर पावसात, चिखलात तीनदा घसरत, सातव्या दगडापर्यंत नेलं. ते मागोमाग आले, माझ्या खांद्यावरचा शर्ट सारून पाहिला, पायानं मुरूम दाबला आणि म्हणाले, "आता झालं लग्न."

चाल तेव्हापासून उलटी झाली. जो पाहुणा येईल त्यानं जेवणाआधी सांडव्यातून एक टोपलं गाळ काढायचा आणि जाताना रस्त्यावरच्या खड्ड्यात टाकायचा. त्या भागात एवढा सपाट रस्ता दुसरा नाही. देवाच्या तसबिरीमागचा कागदही मी त्यांना शब्दन्शब्द वाचून दाखवला. ऐकून ते म्हणाले, "पोरगी बरोबर लिहून गेली. तुमी तवा थोडं कमी सांगितलं."

गेल्या वर्षी साखरेच्या आजारानं त्यांच्या पायांतली जाणीव गेली. डॉक्टरांनी तळव्याला टाचणी लावली, त्यांना समजलं नाही. ते छताकडे बघत डॉक्टरांना सांडव्याची गोष्ट सांगत राहिले. अनवाणी चालायचं नाही, असा हुकूम झाला. बूट आले. ते बूट घालून त्यांनी बांधावर पाऊल ठेवलं नाही ते नाहीच. अंगणातल्या कडुलिंबाखाली खाट टाकून बसायचे, आणि दर रविवारी मी गेलो की म्हणायचे, "तुमी जा. बूट काढून जा." परत आलो की सगळं दगडागणिक विचारायचे. एका रविवारी त्यांची तब्येत फार खालावलेली होती. मनाला बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, सगळं कोरडं ठणठणीत आहे, मामाजी.  "मंग तुमी गेलेच नाही," ते म्हणाले. "तिसऱ्या दगडाशी ओलं राहतेच. मामूल हाय ते." मी खरंच दुसऱ्या दगडावरून परतलो होतो. पुन्हा गेलो, ओल पायाला लावून आलो आणि सांगितलं. तेव्हा कुठे ते आडवे झाले.

या उन्हाळ्यात ते गेले. फार माणसं आली. जेवणाआधी प्रत्येकानं सांडव्यातून एकेक टोपलं काढलं, न सांगता, आणि कुणीही दहा पावलांवर रिकामं केलं नाही. इंजिनीअर बाईही आल्या होत्या.

परवाच्या रविवारी आम्ही सासूबाईंकडे गेलो होतो. चार दिवस पाऊस पडून उघडला होता. मी बूट हातात घेऊन बांधावर चालून आलो, पहिल्या दगडापासून सातव्यापर्यंत, आणि सवयीनं कडुलिंबाखाली येऊन उभा राहिलो. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. आता हे सांगायचं कुणाला, हे मला कळेना, आणि पाय धुवायचंही सुचेना. सुनंदा ओसरीवर तांदूळ निवडत होती. शेवटी मी तिलाच म्हणालो, "तिसऱ्या दगडाशी ओल आहे."

तिनं मान वर केली नाही. "तिथं राहतेच. मामूल हाय ते," ती म्हणाली. "गिलास पाह्यला का?"

मी आतून गिलास घेतला आणि परत निघालो.